एका परक्या क्रियापदाची गोष्ट

शाळा सोडून पन्नास वर्षें होऊन गेल्यावर क्रियापदाचीं रूपें पुन्हां घोकावयास बसणें ही कांहीं मिरविण्यासारखी गोष्ट नव्हे. लहानपणीं ‘रामः रामौ रामाः’ म्हणतांना वडील समोर बसलेले असत, व चुकलें कीं त्यांची भुंवई वर जाई. आतां समोर कोणी नव्हतें. टेबलावर वही, शेजारीं चष्म्याचें घर, आणि स्वयंपाकघरांतून आमच्या सौभाग्यवतींचा अधूनमधून येणारा प्रश्न, “आज कोणतें?” त्या दिवशीं आम्हीं उत्तर दिलें, “एस्पेरार.” या एका शब्दानें आपल्या घरांतलीं सहा वर्षें खाल्लीं आहेत, हें तें उत्तर देतांना आम्हांस ठाऊक नव्हतें.

एस्पेरार हें स्पॅनिश भाषेंतील अगदीं नित्याच्या वापराचें क्रियापद आहे. स्पेनमध्यें आणि मध्य व दक्षिण अमेरिकेंतील बहुतेक देशांत मिळून जवळजवळ पन्नास कोटी लोकांची ही मातृभाषा, आणि दिवसाकाठीं चारदोनदां तरी हा शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीं असा माणूस त्यांत विरळाच. कोशांत त्याचे मुख्य अर्थ तीन दिले आहेत: वाट पाहणें, आशा बाळगणें व अपेक्षा करणें. मराठी माणूस येथें थोडा अडखळतो. आपण गाडीची वाट पाहतों, मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण होईल अशी आशा बाळगतों, आणि त्यानें चार माणसांत नीट वागावें अशी अपेक्षा करितों. हीं तीन निरनिराळीं कामें आहेत व त्यांसाठीं मनांत तीन निरनिराळे कप्पे आहेत, असें आपण धरून चालतों. स्पॅनिश माणूस मात्र तिन्ही ठिकाणीं ‘एस्पेरो’ एवढेंच म्हणतो. स्टेशनावरील प्रतीक्षागृह म्हणजे ‘साला दे एस्पेरा’; आशा म्हणजे ‘एस्पेरांथा’, अमेरिकेंतील उच्चाराप्रमाणें ‘एस्पेरान्सा’; आणि एखादी गर्भवती असली म्हणजे ती ‘एस्ता एस्पेरांदो’, अर्थात् वाट पाहत आहे. आपण गेलेले दिवस मोजतों, ते लोक येणाऱ्याकडे पाहतात, गोष्ट एकच.

हा शब्द मूळचा लॅटिन. लॅटिनमध्यें ‘स्पेरारे’ म्हणजे आशा करणें. त्याच मुळापासून निघालेलीं फ्रेंच व इटालियन क्रियापदें प्रायः आशेपुरतींच राहिलीं. वाट पाहण्यासाठीं त्या भाषांनीं दुसरीं क्रियापदें ठेविलीं आहेत. स्पेन व पोर्तुगाल येथें मात्र आशा करणारें हें क्रियापद हळूहळू दारांत, खिडकींत व स्टेशनावर येऊन उभें राहिलें. इंग्रजींतील ‘डिस्पेअर’ हाहि याच घराण्यांतला शब्द. स्पॅनिशांत एक म्हणच आहे, ‘किएन एस्पेरा, देसेस्पेरा’: जो वाट पाहतो तो हताश होतो. यमक जुळविण्याची हौस म्हणी करणाऱ्यांना सर्वत्र सारखीच. आपले शब्द पाहिले तर ते सगळे डोळ्यांचे आहेत. वाट ‘पाहणें’ हें तर उघडच आहे. परंतु अपेक्षा आणि प्रतीक्षा या दोहोंतहि पाहणें या अर्थाचा ‘ईक्ष्’ धातु आहे, आणि संस्कृतांत ‘आशा’ या शब्दाचा दिशा असाहि एक अर्थ आहे. म्हणजे आपण वाटेकडे किंवा दिशेकडे तोंड करून बसणारे लोक. आम्ही मात्र पुष्कळ वर्षें पाठ करून बसलों होतों. ती हकीकत अशी.

आमची ज्येष्ठ कन्या रसायनशास्त्रांतील संशोधनासाठीं स्पेनमधील बायादोलिद या शहरीं गेली. माद्रिदहून वेगवान गाडीनें तासाभराच्या अंतरावर हें जुनें शहर आहे. कोलंबस १५०६ सालीं येथेंच वारला, आणि ‘डॉन किहोते’चा कर्ता सेर्व्हान्तेस कांहीं काळ येथें राहत होता. तेथल्याच एका सहकाऱ्याशीं विवाह करण्याचें तिनें ठरविलें व आम्हांस तसें कळविलें. विचारलें नाहीं, कळविलें. या फरकाचें आम्हांस त्या वेळीं फार महत्त्व वाटलें. २०१५ च्या मे महिन्यांत लग्न झालें. आम्हीं गुडघेदुखीचें निमित्त सांगितलें. गुडघे दुखत होते हें खरें. परंतु त्याच महिन्यांत आम्ही पर्वती चढून आलों होतों हेंहि तितकेंच खरें. सौभाग्यवतींनीं त्या दिवसासाठीं म्हणून पैठणी बाहेर काढून ठेविली होती, ती त्यांनीं पुन्हां घडी घालून कपाटांत ठेविली. आम्हांस त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्हीं संमति असा करून घेतला. आम्हांस त्या वेळीं कोणत्याच भाषेचें व्याकरण धड येत नव्हतें.

जुलैमध्यें टपालानें लग्नाचें एक मोठें छायाचित्र आलें. त्याच्या मागच्या बाजूस व्याह्यांच्या हातची, निळ्या शाईची, एकच ओळ होती: ‘ओस एस्पेरामोस’. खालीं त्या दोघांचीं नांवें. आमच्या एका परिचितांचा मुलगा थोडेंबहुत स्पॅनिश शिकला होता. त्यानें ओळ पाहून सांगितलें, “आम्ही तुमची वाट पाहिली, असें लिहिलें आहे.” त्या मुलास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. लग्न होऊन गेलेलें, छायाचित्र लग्नाचें. कोणासहि भूतकाळच सुचला असता. आम्हीं आणखी खोदून विचारलें, “यांत तुमची म्हणजे आदरानें कीं कसें?” तो म्हणाला, “नाहीं, हें ‘ओस’ बरोबरीच्या माणसांना म्हणतात. आदराचा शब्द वेगळा आहे.” झालें! ज्यांचें तोंडहि पाहिलें नाहीं त्या व्याह्यांस बरोबरीनें संबोधून वर, तुम्ही आलां नाहींत, असा टोमणा! मानपानाच्या बाबतींत वधूपक्षानें आणखी किती सोसावें, असें तेव्हां आमच्या मनांत आलें. लग्नास न जाणारा वधूपक्ष मानपानाचा हिशेब करीत बसला होता, हें आज लिहितांना हंसूं येतें. त्या वेळीं येत नव्हतें. छायाचित्र कपाटाच्या वरच्या खणांत गेलें. त्या ओळीविषयीं मुलीला आम्हीं कधींच विचारलें नाहीं. विचारणें म्हणजे आपल्याला लागलें आहे हें कबूल करणें होतें.

२०१८ सालीं नात झाली. तिला आम्हीं यंत्राच्या पडद्यावरच पाहिली. ती आमच्याकडे पाहून हंसे आणि लगेच पडद्याबाहेर रांगत जाई. विहीणबाई व व्याही कधींकधीं मागें उभे राहून हात हलवीत. आम्हीहि हलवीत असूं.

२०२० च्या वसंतांत करोनाच्या सांथीनें स्पेनमध्यें हाहाकार उडविला, त्यांत व्याही गेले. आम्हीं सांत्वनाचें पत्र मराठींत सांगितलें, मुलीनें दुरून ऐकत ऐकत तें स्पॅनिशांत उतरून घेतलें व सासूबाईंस वाचून दाखविलें. मधेंच तिचा आवाज थांबला. तिच्याच सासऱ्याच्या मृत्यूचें सांत्वन आम्ही तिच्याच तोंडून वदवून घेत होतों, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. कांहीं महिन्यांनीं विहीणबाईंचें एक कार्ड आलें. त्यावर होतें: ‘ग्राथियास. ओस एस्पेरो. एस्पेरो के बेन्गाइस.’ मुलीनें सारांश सांगितला, “आभार मानले आहेत, बाबा, आणि या म्हणताहेत.” आम्हीं कार्ड छायाचित्रावर ठेवून दिलें. परंतु त्यानंतर मनास एक टोंचणी लागून राहिली. एका बाईच्या दुःखांत दोन शब्द स्वतः बोलतां येऊं नयेत, आणि ती बाई आपल्या मुलीची सासू असावी! पुढच्या वर्षीं आम्हीं शिकवणीच्या वर्गांत नांव घातलें.

शिकविणाऱ्या बाई आमच्या मुलीहूनहि लहान. त्या आम्हांस काका म्हणत. स्पॅनिश क्रियापदांचे तीन गण आहेत: ‘आर’, ‘एर’ व ‘ईर’ यांत संपणारे. एस्पेरार पहिल्या गणांतलें आणि सर्वस्वी नियमित. कोठें वांकडें जात नाहीं. वर्तमानकाळीं त्याचीं रूपें एस्पेरो, एस्पेरास, एस्पेरा, एस्पेरामोस, एस्पेराइस, एस्पेरान अशीं होतात. संस्कृत शिकलेल्यास यांत परकें कांहीं वाटत नाहीं. कर्ता प्रत्ययांतच बसलेला असल्यामुळें ‘मी’, ‘तूं’ वेगळें सांगावें लागत नाहीं, आणि प्रथमपुरुषी अनेकवचनाचा ‘मोस’ हा तर आपल्या ‘पठामः’ मधील ‘मः’ चा दूरदेशीं वाढलेला भाऊच आहे. मात्र मराठींत आम्ही आणि आपण असा जो भेद आहे, ऐकणाराला बाहेर ठेवणारा व आंत घेणारा, तो स्पॅनिशांत नाहीं. त्यांच्या ‘मोस’ मध्यें दोन्ही मावतात.

आदराचा शब्द ‘उस्तेद’. ‘आपली कृपा’ अशा अर्थाचे दोन जुने शब्द झिजून तो झाला आहे, व म्हणून त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतें. आम्हीं त्याविषयीं अधिक जिज्ञासा दाखवितांच बाई म्हणाल्या, “काका, तिकडे हल्लीं घरच्या माणसांना कोणी उस्तेद म्हणत नाहीं. म्हटलें तर त्यांना परकें केल्यासारखें वाटतें. घरच्यांना बोसोत्रोस, आणि त्याचें कर्मरूप ओस.” आम्हीं तें मुकाट्यानें लिहून घेतलें. टोमण्याचा अर्धा भाग तेथेंच गळून पडला होता.

उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यांत गेला. स्पॅनिशांत साधे भूतकाळ दोन आहेत, आणि मराठी माणसास ते समजावून घेण्यास फारसे कष्ट पडत नाहींत. ‘एस्पेराबा’ म्हणजे वाट पाहत होतों. क्रिया चाललेली आहे, तिचा शेवट दिसत नाहीं. ‘एस्पेरे’ म्हणजे वाट पाहिली, संपलें. हीं रूपें कागदावर साधीं दिसतात, परंतु सगळा खेळ आघाताचा. ‘पे’ वर जोर देऊन एस्पेरो म्हटलें तर मी वाट पाहतों. तोच जोर ‘रो’ वर दिला तर त्यानें वाट पाहिली. एका आघातानें पुरुषहि बदलतो आणि काळहि. आम्ही हें सर्व चवीनें लिहून घेत होतों. फळ्यावर संपलेल्या भूतकाळाची ओळ उतरत गेली: एस्पेरे, एस्पेरास्ते, एस्पेरो, आणि चौथें रूप, एस्पेरामोस.

आम्हांस वाटलें, बाईंनीं चुकून वर्तमानकाळचें रूप लिहिलें. तसें आम्हीं नम्रपणें सुचविलेंहि. त्या म्हणाल्या, “नाहीं काका, तेंच. वर्तमानांतहि तेंच आणि भूतांतहि तेंच.” लॅटिनमध्यें हीं दोन रूपें निराळीं होतीं, ‘स्पेरामुस’ व ‘स्पेरावीमुस’, लोकांच्या तोंडीं झिजतां झिजतां तीं एक झालीं. आम्हीं विचारलें, “मग आम्ही वाट पाहतों आहों कीं पाहिली, हें वाचणारानें ओळखावयाचें कसें?” बाई म्हणाल्या, “मागच्यापुढच्या शब्दांवरून. काल असेल तर काल, आज असेल तर आज.”

त्या संध्याकाळीं घरीं येऊन आम्हीं वरचा खण उघडला. दोन शब्दांच्या त्या ओळींत काल नव्हता आणि आजहि नव्हता. आम्ही तुमची वाट पाहिली. आम्ही तुमची वाट पाहत आहों. पहिलें वाक्य दार लावून घेतल्यानंतरचें, दुसरें दार उघडें ठेवून लिहिलेलें. सहा वर्षें आम्ही पहिलें वाक्य वाचीत आलों होतों, कारण तें आमच्या रागास सोयीचें होतें.

आमचे एक वृद्ध स्नेही बार्देशांतले आहेत. गोवा १९६१ सालीं मुक्त होण्यापूर्वीं त्यांचें शिक्षण पोर्तुगीजमध्यें झालेलें. त्यांना आम्हीं ती ओळ दाखविली. पोर्तुगीज भाषेंतहि हेंच क्रियापद, एस्पेरार, याच सर्व अर्थांनीं चालतें. त्यांनीं चष्मा वर करून अक्षरें निरखलीं आणि निर्णय दिला: “वर्तमानकाळ. भूतकाळ असता तर ‘रा’ वर चिन्ह हवें होतें. आमच्या मास्तरांनीं त्या चिन्हासाठीं छड्या मारल्या आहेत.” पोर्तुगालच्या रीतीप्रमाणें हें अगदीं बरोबर आहे; तेथें भूतकाळाच्या रूपावर चिन्ह देत आले आहेत. एकदां विषय निघाल्यावर ते कांदोळीच्या चर्चकडे वळले, जें आशेच्या मातेचें म्हणजे ‘नोस्सा सेन्योरा दा एस्पेरान्सा’ हिचें आहे. आणि तेथून आफ्रिकेच्या टोंकाकडे. १४८८ मध्यें बार्तोलोमेउ दियाश त्या भूशिराला वळसा घालून आला, तेव्हां वादळांनीं गांजून त्यानें त्याला वादळांचें भूशिर म्हटलें, व राजा दुसरा जुआंव यानें तें बदलून ‘बोआ एस्पेरान्सा’, उत्तम आशा, असें ठेविलें, अशी कथा सांगतात. आमच्या स्नेह्यांच्या मतें वादळ खलाशानें पाहिलें आणि आशा घरीं बसलेल्यानें, म्हणून नांवें निराळीं. गप्पा फार रंगल्या. परंतु त्यांचा निर्णय पोर्तुगीज व्याकरणाचा होता आणि ओळ स्पॅनिश होती. निकाल आमच्या बाजूचा, पण न्यायालय दुसरें, अशी आमची अवस्था झाली.

मग विहीणबाईंचें कार्ड काढलें. आतां तें आमचें आम्हांस वाचतां येत होतें. ‘ओस एस्पेरो. एस्पेरो के बेन्गाइस.’ त्यांत क्रियापद एकच, दोनदां आलेलें. पहिल्यांदां त्याचा अर्थ वाट पाहतें, दुसऱ्यांदां आशा करितें. ‘के’ पुढें आलेलें ‘बेन्गाइस’ हें घडलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टीचें रूप नव्हे. मनांत धरलेल्या गोष्टीचें आहे. आपण ‘तुम्ही यावें’ म्हणतों त्यांतल्या ‘यावें’ चें तें सोयरें. मधें नुसता एक ‘आ’ घालून ‘एस्पेरो आ के बेन्गाइस’ म्हटलें असतें तर तुम्ही येईपर्यंत थांबतें, असा अर्थ झाला असता. एका अक्षराच्या अंतरावर आशा आणि थांबणें शेजारीं राहतात.

हें सर्व व्याकरण झालें. परंतु त्या कार्डांत आमच्या ध्यानांत आधीं न आलेली एक गोष्ट होती. छायाचित्रामागें एस्पेरामोस होतें, कार्डावर एस्पेरो. ‘मोस’ गेला होता. एकटे असून ‘आम्ही’ लिहिणें ही आम्हां लिहिणारांची ऐट; त्या बाई खरोखर एकट्या झाल्या आणि त्यांनीं एकवचन लिहिलें. वर्तमान कीं भूत याचा खल आम्ही करीत बसलों होतों, तोंवर ज्यानें ती ओळ लिहिली होती तोच उरला नव्हता. आम्हीं कार्ड सौभाग्यवतींच्या हातीं दिलें व अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, “हें मला ठाऊक होतें. मुलीनें तेव्हांच सांगितलें नव्हतें का, या म्हणताहेत म्हणून?”

२०२३ च्या ऑक्टोबरांत आम्ही दोघें बायादोलिदला गेलों. विहीणबाई स्टेशनावर आल्या होत्या. काळा कोट, हातांत काठी. त्यांनीं आधीं सौभाग्यवतींना मिठी मारली. आम्हीं विमानांत पाठ केलेलीं दोन वाक्यें म्हटलीं, त्यांतलें एक बरोबर असावें, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. चारपांच दिवसांनीं, जेवणानंतर, आम्हीं तें छायाचित्र त्यांच्यापुढें ठेविलें आणि जमेल तशा भाषेंत विचारलें कीं, व्याह्यांनीं हें लिहिलें तें कोणत्या काळांत? मुलीनें प्रश्न नीट करून सांगितला, तरी त्यांना तो प्रश्नच कळेना. त्यांनीं निळ्या अक्षरांवरून बोट फिरविलें व “एस्पेरामोस” असें नुसतें वाचलें, जणूं यांत विचारण्यासारखें काय आहे. मग त्या मुलीशीं भराभर कांहीं बोलल्या. लग्नाच्या दिवशीं पहिल्या रांगेंतल्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत कोणाला बसूं दिल्या नव्हत्या. आणि ज्या खोलींत आमच्या पिशव्या ठेविल्या होत्या, तिला त्या उन्हाळ्यांत व्याह्यांनीं स्वतः रंग दिला होता. यांतली कोणती गोष्ट त्या ओळींत होती, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं नातीला घेऊन कांपो ग्रांदे नांवाच्या बागेंत गेलों. तेथें मोर मोकळे हिंडतात. मोर पाहून सौभाग्यवतींना माहेर आठवलें. आम्ही थोडे पुढें निघून गेलों होतों. मागून पांच वर्षांची हांक आली, “एस्पेरा, आजोबा!” आम्ही चालतां चालतां विचार करूं लागलों: एस्पेरा, तृतीयपुरुषी वर्तमान, ती वाट पाहते, परंतु आज्ञार्थी द्वितीयपुरुषी एकवचनाचें रूपहि हेंच होतें, आणि आजोबांना एकेरी, तेव्हां

“अहो, थांबा ना,” सौभाग्यवती म्हणाल्या, “तिच्या बुटाची नाडी सुटली आहे.”